माळ्यावरचं बावीस लिटर दूध: चिपळुणातल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

२०२२ च्या गणपतीत, ऋषिपंचमीच्या दुपारी, दादाने शिडी लावली आणि माळ्यावरून टिकाऊ दुधाची, म्हणजे न फोडता फ्रिजशिवाय महिनोन्महिने टिकणाऱ्या दुधाची, बावीस खोकी एकेक करून खाली दिली. मी ती ओसरीवर मांडत गेले. तीन खोक्यांचे कोपरे उंदरांनी कुरतडलेले, आतलं दूध केव्हाच वाहून गेलेलं, मागे मुंग्यांची वाळलेली रांग. एक खोकं उशीसारखं फुगलेलं. उरलेली अठरा दिसायला धड. छापलेली मुदत ऑक्टोबरअखेरची, म्हणजे हातात चांगले दोन महिने होते. त्यातलं एक मी कात्रीने कापलं आणि पांढऱ्या कपात ओतलं. दूध बदामी रंगाचं निघालं.

"काळपट पातेल्यात ओतलं असतं तर कळलंही नसतं, वन्सं," वहिनी म्हणाली. खरं होतं. वास आटवलेल्या दुधाचा, बासुंदीच्या पहिल्या पायरीसारखा, आणि घोट गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळणारा.

मी अकरा वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. मुळात चोवीस खोकी घ्यायला मीच सांगितलं होतं आणि त्यातली बावीस माळ्यावर ठेवायला मीच हो म्हटलं होतं. तेव्हा हे प्रकरण माझ्या माहेरचं असलं तरी त्यातला मुख्य आरोपी कोण, याबद्दल गैरसमज नको.

घर आणि पूर

घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत. खाली स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, वर तीन खोल्या, त्यावर पत्र्याखालचा माळा. राहणारी माणसं पाच: आई, बाबा, दादा, वहिनी आणि भाची. दुधाचा रतीब रोजचा दोन लिटरचा. पिशव्या घाटावरून येतात, कुंभार्ली घाट उतरून. घाटात दरड आली की चिपळुणात सकाळी चहा कोरा होतो. हे आमच्याकडे नवं नाही, त्याचं कुणी फारसं मनावरही घेत नाही.

भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पुराची खूण होती. बाबांनी ती रंगकामातही पुसू दिली नव्हती, आणि घरातली प्रत्येक "सुरक्षित" जागा त्या खुणेवरून ठरायची. स्वयंपाकघरातल्या फडताळाचा वरचा खण खुणेच्या वर होता. कडधान्यं, साखर, चहा आणि टाळेबंदीत घेतलेली टिकाऊ दुधाची पाच खोकी तिथे असायची.

२२ जुलै २०२१ ला, गुरुवारी पहाटे, वाशिष्ठीचं पाणी आत आलं आणि ती खूण मागे टाकून दाराच्या चौकटीच्या वरपर्यंत गेलं. घरातली पाच आणि शेजारची तीन अशी आठ माणसं वरच्या खोल्यांत दोन रात्री बसली. वीज नाही, फोन नाही. बहादूरशेख नाक्याजवळचा जुना पूल खचला. पाणी ओसरल्यावर खाली वीतभर चिखल होता आणि नळाला काही नव्हतं.

पाच खोक्यांचा वाद

शनिवारी दादाला कुठेतरी रेंज मिळाली. आधी सगळे जिवंत आहेत हे सांगून झालं, मग त्याने विचारलं ते हे: फडताळातली पाच खोकी चिखलातून काढली आहेत, पुसली आहेत, गळत नाहीत, पोरीला दोन दिवस दूध नाही, उकळून देऊ का?

मी नको म्हटलं. तो चिडला, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही चिडले असते. सीलबंद वस्तू सीलबंदच असते, असं आपल्याला वाटतं. पण हे खोकं मुळात पुठ्ठ्याचं असतं. मधोमध पुठ्ठा, आत-बाहेर प्लॅस्टिकचे पातळ थर, आणि केसापेक्षाही पातळ असा ॲल्युमिनियमचा पापुद्रा. प्रकाश आणि हवा अडवायला ते पुरेसं आहे. पण घड्या, जोड, नळी खुपसायचं भोक, वरचं झाकण या जागा दोन दिवस चिखलात बुडून राहण्यासाठी केलेल्या नसतात. पुराच्या पाण्यात गटार होतं, पेट्रोल पंपाचं डिझेल होतं, मेलेली गुरं होती. उकळून जंतू मरतात, डिझेल मरत नाही. शिवाय खोकं कापताना बाहेरची घाण कात्रीबरोबर आत जाते ती वेगळीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुरानंतरच्या सूचनांतही हा भेद केलेला आहे: पुराचं पाणी लागलेली दुधाची, रसाची, बाळाच्या दुधाची पुठ्ठ्याची खोकी टाकून द्यायची, पत्र्याचे धड, न चेपलेले डबे मात्र धुऊन निर्जंतुक करून वापरता येतात.

दादाने ती टाकली. भाचीला संध्याकाळी कुणीतरी वाटत आणलेलं पावडरचं दूध मिळालं, तेही पिण्याचं पाणी आल्यावर. ही पाण्याची गोष्ट माझ्या लक्षात राहिली. पावडर साठवायला सोपी आहे: अर्धा किलो स्किम पावडरीचं सुमारे पाच लिटर दूध होतं, जागा थोडी, वजन कमी. दरड पडून रस्ता बंद असेल आणि विहीर ठीक असेल तेव्हा पावडरच बरी. पण पुरात नेमकी तुटते ती स्वच्छ पाण्याची गोष्ट. टिकाऊ दूध आपलं पाणी सोबत घेऊन येतं.

उपाय, जो चुकला

पुढच्या वर्षी मे महिन्यात आगोटीची खरेदी निघाली. कोकणात पावसाआधी घर भरून घ्यायची जुनी रीत आहे. तांदूळ, कुळीथ, मिरच्या, मीठ, आमसुलं, सुकट, सोडे, पापड असं सगळं मिरगाआधी वाळवून, भरून, बांधून ठेवायचं. त्या यादीत मी एक ओळ घातली: टिकाऊ दूध, एक लिटरची खोकी, दोन पेट्या. बारा-बाराच्या दोन पेट्या म्हणजे चोवीस लिटर. का चोवीस? दोन पेट्या घेतल्या तर दुकानदार भाव कमी लावत होता, म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

ठेवायचं कुठे, यावर चर्चाच झाली नाही. पूर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. "सगळ्यात उंच," बाबा म्हणाले, आणि सगळ्यात उंच म्हणजे माळा. वहिनीने दोन खोकी अडीअडचणीला म्हणून वरच्या खोलीतल्या कपाटात ठेवली, बावीस माळ्यावर गेली, शिडी काढली. त्या जुलैत घाटात दरडी येऊन रतीब चुकला, तेव्हा वहिनीने कपाटातली दोन संपवली. चहा नेहमीसारखा झाला. माळ्यावर चढायची वेळच आली नाही.

आता या दोन जागांमधला फरक पाहा. एकाच पेटीतली, एकाच दिवशी भरलेली खोकी. कपाटातली दोन जुलैत पांढरीशुभ्र निघाली. माळ्यावरची सप्टेंबरात बदामी. मधल्या दीड-दोन महिन्यांनी एवढा फरक पडत नाही. मग पुढच्या वर्षी मी मे महिन्यात माळ्यावर एक साधा तापमापक टांगला. दुपारी तीनला तो ४४ अंश दाखवत होता. त्याच वेळी वरच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीपाशी, ३२.

खोक्याच्या आत काय चाललेलं असतं

पिशवीतलं दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेलं असतं. रोगजंतू मरतात, पण सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून त्याला फ्रिज लागतो. टिकाऊ दूध १३५ अंशांच्या वर, दोन ते पाच सेकंद, तापवतात आणि लगेच थंड करून निर्जंतुक खोक्यात, निर्जंतुक जागेतच भरतात. त्यात टिकवायचं औषध घातलेलं नसतं. हा समज इतका पक्का आहे की आईने मला तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदाही तिचा विश्वास बसला नसावा.

जंतू नाहीत, पण दूध स्वस्थ बसलेलं नसतं. दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांना धरत राहतात आणि त्यातून तपकिरी रंग आणि आटवल्याचा वास येतो. खवा भाजताना कढईत जे मिनिटांत होतं, ते इथे महिन्यांत होतं. ठोकताळा असा की दहा अंश वाढले की या गोष्टींचा वेग साधारण दुप्पट होतो. आमचा माळा म्हणजे अगदी मंद आचेवरची कढई होती. मे महिनाभर आम्ही ती चढवून ठेवली होती.

कडवटपणाचं कारण बहुधा वेगळं. गोठ्यातून निघालेलं दूध कारखान्यात पोचेपर्यंत थंड ठेवतात. त्या थंडीत वाढणारे काही जंतू प्रथिनं तोडणारे एन्झाइम सोडतात. जंतू १३५ अंशांना मरतात, पण त्यांच्या एन्झाइमांतले काही थोडेफार तगतात. मग बंद खोक्यात ते हळूहळू प्रथिनं तोडत बसतात आणि दूध कडवट होतं. कधी बुडाशी गाळ बसतो, कधी सगळं दूध पातळ खिरीसारखं होतं. वर चरबीचा पिवळसर थर येतो तो मात्र निव्वळ महिनोन्महिने पडून राहिल्यामुळे. तो हलवला की बहुतेक मिसळतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

बदामी झालेलं दूध विषारी नसतं. बाबांचा मुद्दा तोच होता, "मुदत आहे अजून, टाकायचं कशाला?" पण पाकिटावर मुदतीशेजारीच थंड आणि कोरड्या जागी ठेवा असं छापलेलं असतं, आणि ती मुदत त्या अटीसकट असते. अट आम्ही पहिल्याच दिवशी मोडली होती.

इथे आणखी एक गोष्ट निघाली, जी मला प्रयोगशाळेत कधी सुचली नसती. आपल्या घरांत दुधाची परीक्षा एकच: तापवायचं, फाटलं नाही तर चांगलं. आईने त्या अठरांतली चार तापवली. एकही फाटलं नाही. आईच्या लेखी चारही पास. कच्चं किंवा पिशवीचं दूध बिघडतं तेव्हा आंबतं, आणि आंबलं की फाटतं. माळ्यावरचं दूध आंबलेलं नव्हतंच, ते जुनं झालं होतं. उकळून ते कळत नाही. पांढऱ्या कपात ओतून, रंग बघून, घोटभर चाखून कळतं.

फुगलेलं खोकं मात्र चाखायचंही नाही. त्यात कुठूनतरी जंतू शिरले होते आणि वायू झाला होता. आमच्या खोक्याच्या खालच्या घडीवर उंदराच्या दाताची खूण होती, भोक दिसतही नव्हतं. कंपनीला पत्र लिहायची दादाची तयारी चालली होती, ती खूण दाखवल्यावर थांबली. उलट, फुगलं नाही म्हणजे बरं, असंही नाही. काही जंतू वायू न करताच दूध बिघडवतात. म्हणून कुरतडलेलं, ओलं होऊन कोपरे मऊ पडलेलं, चिकट झालेलं खोकं आतून कितीही बरं वाटलं तरी बाजूला काढायचं.

धड अठरांपैकी चार तपासणीत गेली. दोनाचं आईने दही लावून पाहिलं. विरजण भरपूर घालूनही ते सैलच लागलं, वर रंग जुन्या कागदासारखा. ते दही कुणी खाल्लं नाही. उरलेली बारा गेली कुठे ते मी विचारलं नाही. बाबा आठवडाभर रोज रात्री दूध पीत होते एवढं खरं.

दुसरी मांडणी

२०२३ ला आम्ही आकड्यापासून सुरुवात केली. पाच जणांचा चहा दिवसाला पाऊण लिटर, भाचीला ३०० मिलिलिटर, बाबांना रात्री २०० मिलिलिटर. सवा लिटर झालं. रतीब दोन लिटरचा आहे तो दह्यासाठी आणि सायीसाठी. पुरात दही कुणी लावत नाही. सात दिवस धरले तर पावणेनऊ लिटर. नऊ लिटर घेतलं. दुकानदाराने पेटीचा भाव ऐकवला, दादाने ऐकून घेतला.

त्या नऊतली सहा खोकी लिटरची आणि पंधरा २०० मिलिलिटरची. खोकं फोडलं की टिकाऊ दूध साध्या दुधासारखंच होतं, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, आणि पुरात फ्रिज बंद असतो. सकाळच्या चहाला लिटर फुटलं तर दुपारपर्यंत पाच माणसं ते संपवतात. रात्री नऊला एका पोरीसाठी लिटर फोडणं म्हणजे उरलेलं ओतून देणं. छोटी पाकिटं लिटरमागे महाग पडतात, वहिनीला ते अजून पटलेलं नाही.

(वर्षाच्या आतल्या बाळासाठी हा साठा नाही. २०२१ ला शेजारच्या बाईंनी पाच महिन्यांच्या बाळासाठी विचारलं होतं. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच, आणि वर्ष होईपर्यंत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून द्यायचं नाही. वरचं दूध ज्या बाळाला चालू आहे त्याची बाळांसाठीची (फॉर्म्युला) पावडर आणि तिच्यापुरतं उकळलेलं पाणी वेगळं, उंचावर, बाटलीत भरून ठेवायला हवं.)

जागा वरच्या मजल्यावरची आतली खोली, उत्तरेची भिंत. जमिनीवर फळी, फळीवर आजीची पत्र्याची ट्रंक. ट्रंक उंदरासाठी, पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवलेली पुठ्ठ्याची खोकी म्हणजे त्याला आमंत्रणच. भिंतीपासून चार बोटं लांब, कारण आमच्याकडे ऑगस्टात भिंती घामेजतात. २०२१ चं पाणी या मजल्यापर्यंत आलं नव्हतं. पुढचं येणार नाही याची हमी नाही, पण माळ्याचा मे महिना मात्र दरवर्षी येतो. पाणी जिन्याला लागलं तर नऊ लिटर वर न्यायला शिडीच्या दोन फेऱ्या पुरतात, हे दादाने स्वतः करून पाहिलं.

सगळ्यात मोठा बदल तारखेचा. दूध आगोटीच्या यादीतून काढलं. तांदूळ, मिरची, सुकट यांना ऊन लागतं, म्हणून त्यांचं सगळं मिरगाआधी. दुधाला उन्हाची गरज नाही, उलट तेच त्याचं वैरी. आता ते आम्ही पाऊस लागून पत्रे गार झाल्यावर, जूनच्या मध्यावर घेतो, आणि दुकानात भरल्याची तारीख बघून सगळ्यात ताजी पेटी मागतो. दुकानदाराचंही गोदाम पत्र्याचंच आहे. विटेसारख्या खोक्याला सहसा १८० दिवस मिळतात, मऊ पिशवीवजा पाकिटाला सहसा ९०. जूनच्या मध्यापासून ९० दिवस म्हणजे सप्टेंबरचा मध्य, परतीचा पाऊस अजून शिल्लक. म्हणून आम्ही खोकीच घेतो, आणि मुदतीचा दिवस प्रत्येकाच्या डोक्यावर मार्करने मोठ्या आकड्यांत लिहितो. छापलेली तारीख आईला चष्म्यानेही दिसत नाही.

आणि साठा पडून राहू द्यायचा नाही. दर दुसऱ्या रविवारी रतीब बंद, त्या दिवशी ट्रंकेतलं जुनं निघतं, सोमवारी नवं येतं. सुरुवातीला वहिनीने याला "रविवारचा उपास" म्हटलं, कारण त्या दुधाला साय धरत नाही. चरबीचे कण आधीच बारीक फोडलेले असतात, ते तापवल्यावर सायीसारखे पटकन वर येऊन थर करत नाहीत. साय नाही म्हणजे लोणी नाही, लोणी नाही म्हणजे तूप नाही, हा हिशेब ती माझ्याकडे दर गणपतीत मांडते. माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

२०२३ च्या जुलैत तीन दिवस रतीब आला नाही. पाणी घरात आलं नाही, फक्त गाडी आली नाही. ट्रंकेतलं साडेतीन लिटर लागलं. फोनवर दादा त्याबद्दल एक वाक्य बोलला आणि मग बराच वेळ इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोलत राहिला.

ऑक्टोबरात ट्रंक रिकामी करायची, हे ठरलेलं. त्या वर्षी कोजागरी २८ ऑक्टोबरला होती आणि नेमकं त्याच रात्री चंद्रग्रहण. शेवटच्या दोन लिटरचं मसाला दूध करायचं होतं, पण वेध दुपारीच लागले. संध्याकाळी वहिनीने ट्रंक उघडली तर दोन्ही खोक्यांवर एकेक तुळशीचं पान ठेवलेलं.

"आई, अहो सीलबंद आहेत ती," वहिनी म्हणाली.

"असू देत," आई म्हणाली. "वन्संनी सांगितलंय ना तुझ्या, सीलबंद म्हणून विश्वास ठेवायचा नाही."